रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन

ग्रामीण भागातील जो प्रौढ स्त्रीपुरुष अंगमेहनतीचे अकुशल काम मागेल त्यास ते शासनाने पुरविलेच पाहिजे, या तत्त्वावर महाराष्ट्राने उभारलेल्या योजनेपासून बेकारांच्या पदरी वस्तुतः किती पडले, हे ठरविण्याचे शास्त्रीय प्रयत्न. वि. स. पागे यांच्या सांगली जिल्ह्यातील विसापूरच्या प्रयोगातून स्फुरलेल्या या योजनेस १९७२ मध्ये आरंभ झाला, आणि १९७७ च्या अधिनियमाने, तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आल्यावर, तिला कायद्याचे अधिष्ठान लाभले.

सरकारी दप्तरात यशाचे माप म्हणजे हजेरीपटांवरून बेरीज केलेले मनुष्यदिवस. हे माप फार अपुरे आहे. कारण खडी फोडण्यास आलेला मजूर योजनेच्या अभावी रिकामाच बसला असता असे गृहीत धरता येत नाही, आणि अन्यत्र मिळाली असती ती मिळकत मजुरीतून वजा केल्यावाचून त्याचा निव्वळ लाभ कळत नाही. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व अकोला जिल्ह्यातील कंझरा येथील कुटुंबांनी आपला वेळ कसा घालविला याच्या नोंदींवरून गौरव दत्त व मार्टिन रॅव्हॅलिअन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही बुडालेली मिळकत सरासरीने मजुरीच्या सुमारे चौथा हिस्सा भरली, म्हणजे लाभाचा मोठा अंश खरोखरीच गरजूंच्या हाती राहिला.

तथापि हमी पाळली गेली की नाही, हा प्रश्न याहून कठीण आहे. कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांच्या १९८० च्या अभ्यासासारख्या कामावरील मजुरांच्या पाहण्या मोलाच्या खऱ्या, परंतु तहसील कचेरीतून विन्मुख परतलेला मनुष्य अशा पाहणीत कधीच येत नाही. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेचे दर दुपटीच्या घरात गेले. वाढलेल्या मजुरीने कामाची मागणी वाढावी तेथे हजेरी घटत गेली, आणि त्यावरून रॅव्हॅलिअन, दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये असा निष्कर्ष काढला की काम मागणाऱ्या सर्वांस ते मिळेनासे झाले होते. मजुरांस न्याय्य दर देऊन कामेच अपुरी उघडणे हा हमीचा भंग होय, आणि ज्या मूल्यमापनात नाकारलेल्या अर्जांचा हिशेब नाही ते अपूर्णच मानले पाहिजे.

पाझर तलाव, नालाबांध, रस्ते या मत्तांचे मोल ठरविताना आणखी एक भेद करावा लागतो : पाझराचे पाणी खालच्या अंगास विहीर असलेल्या जमीनधारकास मिळते, माती वाहणाऱ्या भूमिहीन स्त्रीस मिळते ती केवळ मजुरी.