पत्रादेवीपलीकडचा गोलरक्षक

बांदा सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं की बोली फारशी बदलत नाही, खेळ मात्र बदलतो. तिथल्या फुटबॉलचं श्रेय सहसा पोर्तुगीज पाद्र्यांना देतात. ते अर्धंच खरं. चर्चपुढच्या मैदानांनी आणि भात कापलेल्या शेतांतल्या धसकटांनी फुटबॉल रुजवला. खेळाडूचं पोट भरलं ते खाणमालकांच्या क्लबांनी. ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर हा त्याचा ठळक दाखला. साळगावकर या खाणमालकांच्या संघाचा हा गोलरक्षक पुढे भारताचा कर्णधार झाला. तो गोलमध्ये असताना १९८३-८४ चा संतोष करंडक, म्हणजे राज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा, गोव्याने जिंकला, तो एकही गोल न स्वीकारता. गोलरक्षकाचं कौतुक तसं उशिराच होतं म्हणा: अर्जुन पुरस्कार १९९७ साली, पद्मश्री थेट २०२२ साली.

प्रतिभा काही पगाराने येत नाही, असं कुणी म्हणेल. कबूल, पण पगाराविना ती तिशीपर्यंत टिकतही नाही. सगळं चर्चच्या मैदानांनीच घडवलं असतं, तर क्लबांच्या जाण्याने काही बिघडायला नको होतं. २०१६ साली साळगावकर आणि धेंपो हे खाणमालकांचे क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. मैदानं जागच्या जागीच होती. देशपातळीवर गोव्याच्या पोरांना पगारावर खेळवणारे दोन जुने संघ तेवढे कमी झाले.