माळरानाचे पुनरुज्जीवन : झाडांआधी गवत

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे गाव विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी ओळखले जाते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी येथे मुक्कामी असते. पानमळे, ऊस आणि डाळिंबाच्या बागा यांचा हिरवा पट्टा ओलांडला की या तालुक्याचे दुसरे रूप दिसते. पातळ मातीचे, मुरमाड, उघडे माळ दूरवर पसरलेले असतात. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील टापू. येथे वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात हा माळ ओसाड दिसतो. त्यामुळे 'येथे पूर्वी दाट जंगल होते, ते तोडले गेले' असा समज सहज होतो आणि दर पावसाळ्यात रोपे घेऊन माळावर जाण्याचे उपक्रम हाती घेतले जातात. मात्र निसर्ग पूर्ववत करायचा, तर तो मुळात कसा होता हे आधी पाहिले पाहिजे.

जुन्या मराठी साहित्याची साक्ष

या प्रश्नाचे एक उत्तर जुन्या मराठी साहित्यातून मिळाले आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्राशी संबंधित जुनी आख्याने, काव्ये आणि लोकगीते तपासून त्यांतील रानटी वनस्पतींच्या नोंदी एकत्र केल्या. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेल्या ४४ वनस्पतींपैकी सुमारे दोन-तृतीयांश या विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या आहेत. घनदाट अरण्याची साक्ष देणाऱ्या वनस्पती अगदी मोजक्या निघाल्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपासून हा प्रदेश प्रामुख्याने गवताळ आहे. गवत आणि त्यात तुरळक काटेरी झाडे हेच त्याचे पूर्ण रूप होय.

'पडीक' शिक्क्याचे परिणाम

सरकारी नोंदींत मात्र अशा जमिनींचा मोठा भाग 'पडीक' या सदरात मोडतो. पडीक म्हटले की ती जमीन उपयोगात आणण्याची घाई होते. कधी ती नांगराखाली येते, कधी कारखान्याला दिली जाते, तर कधी तिच्यावर वृक्ष लागवड होते. लागवडीसाठी गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया, हे मध्य अमेरिकेतील झाड राज्यात मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ते झपाट्याने वाढते आणि चरणारी जनावरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत. लागवडीच्या दृष्टीने हा गुण असला, तरी माळाच्या दृष्टीने तो दोष ठरतो. झाडांची सावली दाट झाली की ऊन लागणारे गवत मरते. वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत या परदेशी वनस्पतींनीही बरीच जागा बळकावली आहे.

गवत गेले की त्यावर जगणारेही जातात. चिंकारा, लांडगा, खोकड, ससा, चंडोल, धाविक यांना मोकळा, दूरवर दिसणारा माळ लागतो. हिवाळी पाहुणे म्हणून येणारे भोवत्या पक्षी रात्री उंच गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. उरलेल्या चिंकाऱ्यांचे भवितव्य अर्थातच बाहेरच्या माळांवर आणि गायरानांवर अवलंबून आहे.

काम कसे करावे?

माळाच्या पुनरुज्जीवनाची पहिली पायरी म्हणजे जे गवत शिल्लक आहे ते मोडू न देणे. जुन्या गवताची मुळे अनेक वर्षांची असतात. एकदा नांगर फिरला की तीच वनस्पतिसृष्टी परत यायला दशके लागतात. सरसकट खोदलेल्या चरांमुळेही पातळ मातीचा थर उलटतो आणि तणांना वाव मिळतो.

दुसरी पायरी म्हणजे परदेशी झुडपे मुळासकट काढणे. केवळ वरून तोडलेली वेडी बाभूळ पुन्हा फुटते. त्यानंतर स्थानिक गवतांची पेरणी करावी. मारवेल, शेडा, पवना, डोंगरी, कुसळी यांचे बी पावसाळा सरल्यावर, शक्यतो जवळच्याच माळावरून गोळा करतात. ताजे बी बहुधा लगेच उगवत नाही. म्हणून ते कोरड्या जागी ठेवून पुढील पावसाच्या तोंडावर मातीत मिसळून फेकतात. मारवेल ठोंबांनीही लावता येते. झाडे लावायचीच तर हिवर, बोर, खैर, मेडशिंगी यांसारखी स्थानिक झाडे ओढ्याकाठी आणि माळावर विरळ अंतराने लावावीत. तरवड आणि हेंकळ ही झुडपे तर राखण मिळाली की आपोआप येतात.

राखण आणि चराई

या कामात सर्वांत नाजूक प्रश्न चराईचा आहे. मेंढपाळ धनगर कुटुंबांचे जीवन याच माळांवर चालते. त्यांना हटवून माळ वाचवणे अन्यायाचे आहे आणि व्यवहार्यही नाही. चराई पूर्ण बंद झाली तर वाळलेले गवत साचून वणव्याचा धोका वाढतो. माळाचे भाग पाडून पाळीपाळीने राखणे आणि बी पडेपर्यंत त्या भागात कळप न नेणे, ही कुरणे राखण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. राखणीचा गुण सोलापूर जिल्ह्यातील नान्नजने दाखवला आहे. तेथे चराईपासून राखलेल्या तुकड्यांत गवत वाढले आणि त्या आसऱ्याला माळढोक दिसू लागले. पुढे १९७९ मध्ये तेथे माळढोक अभयारण्य झाले. कालांतराने लावलेली झाडे दाटली, तेव्हा याच पक्ष्याला उपयोगी पडणारी मोकळी जागा कमी झाली.

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ येथे वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेश सफारी सुरू केली. ज्या माळाला पडीक म्हटले गेले, तोच पाहण्यासाठी आता शहरातून लोक येतात. त्यांनी रोपे घेऊन येण्यापूर्वी ती जागा ऑक्टोबरात एकदा पाहावी. तेव्हा गवत गुडघाभर उंच आणि तुऱ्यावर आलेले असते. तेथे खड्डे खणायचे की बी गोळा करायचे, हे त्यानंतर ठरवावे.