स्त्री-हॉर्मोने व मूत्राशय

स्त्रीच्या अंडकोशात निर्माण होणाऱ्या ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन या हॉर्मोनांचे कार्य केवळ गर्भाशयापुरते मर्यादित नसते. मूत्रमार्ग, मूत्राशयाचा तळभाग व योनिमार्गाचा खालचा भाग यांची भ्रूणावस्थेतील जडणघडण परस्परांशी निगडित असून या सर्व ठिकाणी ईस्ट्रोजेनाचे ग्राही आढळतात. ईस्ट्रोजेनामुळे तेथील अस्तर जाड राहते, रक्तपुरवठा टिकतो व मूत्रमार्ग नीट मिटतो. प्रोजेस्टेरोनामुळे अरेखित स्नायू शिथिल होतात. म्हणूनच गर्भारपणी मूत्रवाहिन्या रुंदावून मूत्र साचते आणि जंतुसंसर्ग वृक्कापर्यंत पोहोचण्याचा संभव वाढतो. ऋतुनिवृत्तीनंतर ईस्ट्रोजेन घटले की अस्तर पातळ होते, योनिमार्गातील अम्लता व उपयुक्त जंतू कमी होतात. त्यामुळे जळजळ, वारंवार लघवीची घाई व पुनःपुन्हा होणारा संसर्ग हे विकार उद्‌भवतात.

हे विकार जुनेच आहेत. सुश्रुतसंहितेत रजोनिवृत्तीचे वय सुमारे ५० वर्षे दिले असून मूत्राघात व मूत्रकृच्छ्र यांचे प्रकारही वर्णिले आहेत. तथापि स्त्रिया अशा तक्रारी वैद्यापुढे मांडण्यास संकोचत. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे, हे सांगताना याच संकोचाकडे लक्ष वेधले होते. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळण्याची सोय केली.

ईस्ट्रोन हे स्त्री-हॉर्मोन प्रथम मूत्रातूनच वेगळे करण्यात आले, हे लक्षणीय आहे. गर्भवतीच्या मूत्रात ही द्रव्ये विपुल असतात, असे आशहाइम व झोंडेक यांनी दाखविले. १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी व जर्मनीत बूटेनांट यांनी स्वतंत्रपणे अशा मूत्रातून ईस्ट्रोन वेगळे केले. १९४० नंतर गाभण घोडीच्या मूत्रापासून मिळविलेल्या ईस्ट्रोजेनाच्या गोळ्या प्रचारात आल्या आणि त्यांनी अनैच्छिक मूत्रस्रावही थांबेल, असा समज रूढ झाला.

हा समज टिकला नाही. अमेरिकेतील २७,३४७ स्त्रियांच्या चाचण्यांवरून २००५ मध्ये असे दिसून आले की, तोंडावाटे हॉर्मोने घेतल्याने मूत्रस्रावाची तक्रार कमी न होता वाढते. याउलट, योनिमार्गात अल्प मात्रेत लावलेले ईस्ट्रोजेन उपयुक्त ठरते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९३ स्त्रियांच्या अभ्यासात असे मलम वापरणाऱ्यांत मूत्रसंसर्गाचे प्रमाण प्रतिवर्षी सरासरी ०·५, तर औषधविरहित मलम वापरणाऱ्यांत ५·९ इतके आढळले. मात्र स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी तज्ञाच्या सल्ल्याशिवाय हा उपचार करू नये.

अशा प्रकारे उपाय साधा व स्वस्त असला, तरी तक्रार बोलून दाखविल्याविना तो लाभत नाही. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाच्या बानू कोयाजी (१९१७–२००४) यांनी वढू परिसरात गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यामागील भूमिका हीच होती की, स्त्री आपले दुखणे प्रथम स्त्रीलाच सांगते. लघवीचा त्रास हा वार्धक्याचा अटळ भाग नसून उपचारसाध्य विकार आहे, ही जाणीव घरोघरी पोहोचणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.