धातुशोधकाचे वेटोळे

धातुशोधकाचे वेटोळे हे धातुशोधक यंत्राच्या दांड्याच्या टोकाशी बसवलेले आणि जमिनीलगत फिरवले जाणारे चपट्या चकतीसारखे अंग होय. वापरणारे त्यास ‘कॉइल’ म्हणतात. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत ‘कुंतल’ हा शब्द आढळतो. यंत्रपेटीतील विद्युत्मंडल कितीही प्रगत असले, तरी जमिनीतील धातूची पहिली चाहूल वेटोळ्यालाच लागते आणि तेथे जे निसटले ते पुढे कोणत्याही मंडलास भरून काढता येत नाही. म्हणूनच जुनी नाणी व दफिने शोधण्याचा छंद असणाऱ्यांत वेटोळ्याची निवड व त्याचे संतुलन यांना मोठे महत्त्व आहे. ‘वेटोळे जेवढे मोठे तेवढा शोध खोल’ हा या छंदातील सर्वांत रूढ समज असून तो अर्धाच खरा आहे.

कार्यतत्त्व

वेटोळ्याच्या कवचात सामान्यतः तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्रेषक वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतधारा सोडली जाते व तिच्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि ते ग्राही वेटोळे टिपते. छंदासाठीची बहुसंख्य यंत्रे ३ ते ३० किलोहर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. चांदी-तांब्याच्या जाड नाण्यांना कमी वारंवारता मानवते, तर सोन्याचे बारीक कण व पातळ पत्रे यांना जास्त.

वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने पुरेसे दूर गेल्यावर प्रेषक क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. वस्तूचा प्रतिसाद परत येतानाही तसाच घटतो. परिणामी खोली दुप्पट झाली की संकेत सुमारे ६४ पटींनी दुबळा होतो. केवळ शक्ती किंवा संवेदनक्षमता वाढवून खोली फारशी का वाढत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

विद्युत् संतुलन

ग्राही वेटोळे प्रेषकाच्या अगदी शेजारी असते. त्यामुळे काही उपाय न केल्यास प्रेषकाच्या प्रबळ क्षेत्रापुढे नाण्याचा कुजबुजता प्रतिसाद ऐकूच येणार नाही. म्हणून दोन्ही वेटोळी अशा रीतीने मांडतात की वस्तू जवळ नसताना ग्राहीत निर्माण होणारा दाब जवळजवळ शून्य राहावा. यास प्रवर्तन-संतुलन म्हणतात.

हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातील आहे. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये प्रवर्तन-तुला मांडली. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, तेव्हा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावर उपकरण बनवले. त्यात कानाला लावण्यासाठी दूरध्वनीचा ग्राहक जोडलेला होता. मात्र शोध निष्फळ ठरला. रुग्णाच्या गादीखालील पोलादी स्प्रिंगांनी उपकरणास गोंधळात टाकले, असे कारण नेहमी दिले जाते. शिवाय डॉक्टरांनी केवळ उजवी बाजू तपासू दिली, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत गोळी डावीकडे आढळली. उपकरण सदोष नसतानाही भोवतालचा धातू व चुकीची जागा यांमुळे शोध कसा फसतो, याचे हे जुने पण आजही उपयोगी उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी घडवलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत वापरला गेला.

संतुलन साधण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. समकेंद्री प्रकारात ग्राही वेटोळे प्रेषकाच्या आत असते आणि विरुद्ध दिशेने गुंडाळलेले एक साहाय्यक वेटोळे त्यावरील प्रेषकाचा प्रभाव पुसून टाकते. ‘डबल-डी’ प्रकारात इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी मध्यभागी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. चढलेल्या भागातून जाणारे चुंबकीय प्रवाह व बाहेरच्या भागातून उलट जाणारे प्रवाह एकमेकांना छेद देतात. ही चढण किती असावी हे गणिताने अजमावता येते. पण नेमकी शून्यस्थिती हातानेच शोधावी लागते.

घरी वेटोळे बनवणारे प्रेषकास संकेत देऊन ग्राहीवरील दाब दोलनदर्शकावर पाहतात आणि वेटोळे केसभर सरकवत तो किमान करतात. पूर्ण शून्य मिळत नाही. काही मिलिव्होल्टचा अवशेष राहतोच. खरी परीक्षा पुढे असते. इपॉक्सी राळ ओतल्यावर ती तापते व आकसते, आणि साधलेले संतुलन बिघडते. यासाठी राळ थरांनी ओततात व तारेचा एक लहान फेरा मोकळा ठेवतात. राळ सुकल्यावर तो वाकवून शेवटची दुरुस्ती केली जाते. विद्युत् गोंगाट अडवण्यासाठी वेटोळ्याभोवती ग्रॅफाइटच्या रंगाचा लेप देतात, पण त्यात एक फट राखणे अत्यावश्यक असते. लेपाचे कडे पूर्ण झाले तर ते स्वतःच धातूच्या वस्तूसारखे वागू लागते. दांड्याचा खालचा भाग धातूविरहित व बोल्ट नायलॉनचा असण्यामागे हेच कारण आहे. दोरीसारखी लोंबणारी केबलही खोटे संकेत देते, म्हणून ती दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी.

स्पंद-प्रवर्तन यंत्रांत ही अडचण येत नाही. तेथे एकच वेटोळे आधी स्पंद सोडते आणि मग ऐकते.

भू-संतुलन

नवशिके विद्युत् संतुलन व भू-संतुलन यांची गल्लत करतात. पहिले वेटोळ्यात कायमचे बसवलेले असते. दुसरे प्रत्येक शेतात नव्याने करावे लागते. धातू नसलेल्या जागी वेटोळे काही सेंटीमीटर वर-खाली करून, मातीतील लोहखनिजांचा प्रतिसाद यंत्रास दुर्लक्षिण्यास शिकवणे म्हणजे भू-संतुलन. दख्खनच्या बेसाल्टात मॅग्नेटाइट असल्याने त्यापासून झालेली माती तसेच कोकणातील जांभा या दृष्टीने त्रासदायक ठरतात.

निवड

समकेंद्री वेटोळ्याचे शोधक्षेत्र खाली निमुळत्या शंकूसारखे असते. त्यामुळे वस्तूची नेमकी जागा व ओळख सौम्य मातीत चांगली कळते. डबल-डीचे क्षेत्र मध्यरेषेवरील पात्यासारखे असते. ते एका वेळी कमी माती पाहते, म्हणून खनिजयुक्त जमिनीत स्थिर राहते आणि प्रत्येक फेरीत अधिक जागा व्यापते.

मोठे वेटोळे, म्हणजे ३३ ते ३८ सेंटीमीटर व्यासाचे, मोकळ्या कुरणात खोलवरच्या मोठ्या वस्तूंसाठी उपयुक्त असते. बारीक नाण्यास ते उलट कमी प्रतिसाद देते आणि मातीचा गोंगाटही अधिक गोळा करते. जुन्या वस्तीच्या जागी लोखंडी खिळ्यांचा सडा असेल, तर खिळ्याचा प्रतिसाद शेजारच्या नाण्याला झाकून टाकतो. अशा ठिकाणी १२ ते १५ सेंटीमीटरचे वेटोळे अधिक देते. सर्वसाधारण वापरास २३ ते २८ सेंटीमीटर पुरते. वजनाचाही विचार करावा. दांड्याच्या टोकावरील थोडे जादा वजन दिवसाअखेरीस मनगटाला जाणवते, आणि थकलेला हात वेटोळे जमिनीपासून उचलून फिरवू लागतो. मोठ्या व्यासाने मिळवलेली खोली अशी वाया जाते.

एका उत्पादकाचे वेटोळे दुसऱ्याच्या यंत्रास सहसा चालत नाही. काही यंत्रांत तर वेटोळ्याबरोबर वारंवारताही बदलते. मायनलॅबच्या एक्स-टेरा ७०५ साठी ३, ७.५ व १८.७५ किलोहर्ट्झची वेगवेगळी वेटोळी होती.

शोध व कायदा

हा छंद इंग्लंडमध्ये विशेष रुजला आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफकमधील हॉक्सन येथे एरिक लॉज हे मित्राची हरवलेली हातोडी शोधत असता त्यांना रोमन काळातील दफिना लागला. त्यांनी सगळे उकरून न काढता अधिकाऱ्यांना कळवले आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केले. जवळजवळ १५,००० नाणी कोणत्या रचनेत पुरली होती हे त्यामुळेच समजले. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश संग्रहालयात आहे.

भारतात परिस्थिती निराळी आहे. संरक्षित स्मारकांच्या क्षेत्रात परवानगीविना खोदणे १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने निषिद्ध आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक किल्ले त्या संरक्षणाखाली येतात. अन्यत्रही दहा रुपयांहून अधिक मोलाचे दफन केलेले धन सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवून ते सरकारी कोषागारात जमा करावे किंवा त्याबद्दल तारण द्यावे लागते. तसे न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.