पाइक्स पीक : एका शिखराच्या तीन वाटा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचे शहर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,८४० मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईचे शिखर (१,६४६ मीटर) या शहराच्या रस्त्यांपेक्षाही खाली राहते. याच शहराच्या पश्चिमेला, तांबूस कातळाचा आणि रुंद खांद्यांचा ‘पाइक्स पीक’ उभा आहे. उंची ४,३०२ मीटर, अर्थात १४,११५ फूट. कोलोरॅडोत याहून उंच शिखरे आहेत. परंतु मैदानाला लागून एकटेच उठावल्यामुळे पूर्वेकडून येणाऱ्याला ते फार लांबून दिसते. मूळच्या यूट जमातीने त्याला ‘तावा’ म्हणजे सूर्य म्हटले, ते उगाच नव्हे.

ज्याचे नाव या पर्वताला मिळाले, तो लेफ्टनंट झेब्युलन पाइक मात्र शिखरावर कधीच पोहोचला नाही. नोव्हेंबर १८०६ मध्ये कमरेएवढ्या बर्फात, उन्हाळी कपड्यांनिशी त्याने प्रयत्न केला आणि माघार घेतली. अशा स्थितीत माथा गाठणे मनुष्याला शक्य नाही, असे त्याचे मत झाले. अवघ्या १४ वर्षांनी, १८२० च्या जुलैत, एडविन जेम्स हा वनस्पतिशास्त्रज्ञ वर जाऊन आला. १८५८ मध्ये ज्युलिया आर्चिबाल्ड होम्स या तरुणीने शिखर सर केले. आज वर जाण्यास तीन मार्ग आहेत : रेल्वे, मोटाररस्ता आणि पायवाट.

दातेरी रुळांची गाडी

रेल्वेची कथा गादीवाल्याची आहे. गाद्यांचे प्रसिद्ध कारखानदार झाल्मन सिमन्स खेचरावर बसून शिखरावर गेले आणि अंग इतके आंबले की येथे आरामशीर गाडी हवी, असे त्यांनी ठरवले, असे सांगतात. त्यांच्या पैशातून उभी राहिलेली रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. मॅनिटू स्प्रिंग्ज या पायथ्याच्या गावापासून शिखरापर्यंतचे अंतर सुमारे १४ किलोमीटर आणि चढ दोन हजार मीटरहून अधिक. काही ठिकाणी चार फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर चढते. नेहमीच्या रुळांवर एवढ्या चढाला चाके घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली असते आणि गाडीखालचे दातेरी चाक त्या दातांत अडकत, पायरी चढल्याप्रमाणे पुढे सरकते. उटीची गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवे नाही. निलगिरी रेल्वेत वापरलेली ‘आब्ट’ पद्धतच येथेही मूळची होती. (माथेरानच्या गाडीला असे दात नाहीत, ती वळणे घेत घेत चढते.)

जुना मार्ग आणि गाड्या झिजल्यामुळे २०१७ मध्ये ही रेल्वे बंद पडली. पुढे काय होणार, याची बरीच चिंता होती. मात्र संपूर्ण लोहमार्ग नव्याने टाकून, नव्या स्विस बनावटीच्या गाड्यांसह ती २०२१ मध्ये पुन्हा धावू लागली. जाऊन-येऊन सुमारे साडेतीन तास लागतात. त्यात शिखरावरचा मुक्काम जेमतेम ४० मिनिटांचा.

मोटाररस्ता सुमारे ३१ किलोमीटरचा आहे. १९१६ पासून या घाटात मोटारींची शर्यत होते. तिच्या २० किलोमीटरच्या टप्प्यातच १५६ वळणे आहेत. २०१८ मध्ये रोमॅं ड्युमा या फ्रेंच चालकाने विजेवर चालणाऱ्या मोटारीतून हा टप्पा आठ मिनिटांच्या आत पार केला. हा रस्ता बराच काळ खडीचा होता. ती खडी वाहून ओढे आणि पाणथळ जागा खराब होतात म्हणून पर्यावरणवादी न्यायालयात गेले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने डांबरीकरण झाले आणि २०११ मध्ये ते पूर्ण झाले. उन्हाळ्याच्या हंगामात प्रवेशाची वेळ आधीच आरक्षित करावी लागते.

‘बार ट्रेल’ ही पायवाट मात्र सह्याद्रीत रविवारी गड चढणाऱ्यांनीही हलक्याने घेऊ नये. एका बाजूचे अंतर सुमारे २१ किलोमीटर आणि चढ दोन हजार मीटरहून जास्त! निम्म्या वाटेवर ‘बार कॅम्प’ येथे आरक्षण करून रात्री राहता येते. तसे दोन दिवसांत जाणेच शहाणपणाचे. वृक्षरेषा ओलांडल्यावर आडोसा उरत नाही आणि उन्हाळ्यात दुपारी विजांची वादळे येतात. माथा दुपारपूर्वी सोडावा, हा येथला जुना नियम आहे.

श्वासाचा प्रश्न

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या ज्येष्ठांना हौसेने येथे आणले जाते. त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अमरनाथची गुहा सुमारे ३,८८८ मीटरवर आहे. पाइक्स पीक त्याहून चारशे मीटरने उंच. अमरनाथला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, येथे तिकीट काढले की झाले. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. अमरनाथचा यात्री चालत चालत उंचीला थोडा तरी सरावतो. येथे गाडीतून तासा-दीड तासात माणूस वर पोहोचतो आणि शरीराला तयारीला अवधीच मिळत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणे. ‘एवढे पैसे खर्चून आलो आहोत’ म्हणून ती लपवू नयेत. उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. हृदयाचा वा फुफ्फुसांचा विकार असलेल्यांनी आधीच डॉक्टरांना विचारावे. इतरांनीही कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये दोन रात्री काढून, भरपूर पाणी पिऊन मगच निघावे. वर तापमान पायथ्यापेक्षा १५ ते २० अंशांनी कमी असू शकते आणि बर्फ कोणत्याही महिन्यात पडते, तेव्हा स्वेटर सोबत हवाच.

शिखरावर २०२१ मध्ये नवे पर्यटक केंद्र उघडले आहे. तेथील गरम डोनट प्रसिद्ध आहेत. पाणी येथे सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे पीठ भिजवण्याचे प्रमाणही वेगळे ठेवावे लागते. खाली नेल्यास हे डोनट बसतात म्हणे. तेव्हा वरच खाऊन घ्यावेत. मोटारीने गेलेल्यांनी उतरताना खालचा गिअर सोडू नये. ग्लेन कोव्ह येथे कर्मचारी गाडी थांबवून ब्रेकचे तापमान मोजतात आणि ते जास्त भरले तर ब्रेक निवेपर्यंत पुढे सोडत नाहीत.