वांसदा राष्ट्रीय उद्यान
गुजरातच्या नवसारी जिल्ह्यातील डोंगराळ वनक्षेत्र. सुरतेच्या आग्नेयेस, सह्याद्रीच्या उत्तर टोकाशी, अंबिका नदीकाठी वसलेले. क्षेत्रफळ सु. २४ चौ. किमी. पूर्वी वांसदा संस्थानिकांच्या मालकीच्या या जंगलाला १९७९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. साग व बांबूची दाट पानगळी वने, बिबट्या आणि चौशिंगा ही त्याची ओळख. बिलिमोऱ्याहून उद्यानाजवळच्या वघईला येणारा, बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातील अरुंदमापी लोहमार्ग या प्रदेशाची उत्तम ओळख करून देतो. भेटीस हिवाळा सोयीचा.

केवळ प्राणी पाहून परतणाऱ्याला हे वन अर्धेच दिसते. उद्यानाभोवती आणि लगतच्या डांग जिल्ह्यात कोकणा, वारली, भिल्ल यांची वस्ती आहे. कोकणांची डांगी बोली मराठी कानाला चटकन उमगते. वाघ, नाग, चंद्र-सूर्य कोरलेल्या लाकडी वा दगडी वाघदेवाची वाघबारस या सणाला पूजा होते. मुखवटे घालून रात्रभर चालणारे भवाडा हे लोकनाट्य आणि पावरी या वाद्याच्या सुरांवरचा नाच ही येथील जिवंत परंपरा. होळीपूर्वी डांगमधील आहव्याला भरणाऱ्या डांग दरबारात पाच भिल्ल राजांना आजही सन्मानपूर्वक सालियाना दिला जातो.