पुनरुक्ती : दोष केव्हा, गुण केव्हा?

निबंधाच्या वह्या तपासताना शिक्षकाच्या लाल पेन्सिलीला एक सवय जडलेली असते. तोच शब्द दोनतीनदा आला, की ती थांबते, त्याभोवती वर्तुळ काढते आणि समासात लिहिते, 'पुनरुक्ती'. इंग्रजीच्या वहीत तर अशी वर्तुळे फार. मग मूल बिचारे शब्दकोश उघडते, एकाच वस्तूला तीन नावे देते, आणि वाक्य होते त्याहून वाईट होऊन बसते. हा नियम मुळात काय सांगतो आणि त्याचा इतिहास काय, ते आज पाहू.

आधी एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका मुलाने लिहिले : 'काल मी कांजूरमार्गला गेलो. कांजूरमार्गला माझे काका राहतात. काका मला कांजूरमार्गच्या स्टेशनवर घ्यायला आले.' येथे कांजूरमार्ग तीनदा आले ते ठसवण्यासाठी नव्हे. वाक्ये एकमेकांना जोडलीच नाहीत म्हणून. वर्तुळे पाहून मुलगा दुरुस्ती करतो : 'काल मी कांजूरमार्गला गेलो. मुंबईच्या त्या उपनगरात माझे काका राहतात. पवईशेजारच्या स्थानकावर वडिलांचे बंधू मला घ्यायला आले.' आता वाचणारा बुचकळ्यात पडतो. काका निराळे आणि वडिलांचे बंधू निराळे की काय? उपनगर एक आणि स्थानक दुसरीकडचे? खरी दुरुस्ती अशी : 'काल मी कांजूरमार्गला काकांकडे गेलो. ते मला स्टेशनवर घ्यायला आले होते.' पाहा, नवा शब्द एकही शोधावा लागला नाही. वाक्ये सांधली, एक सर्वनाम वापरले, की काम झाले.

हा विचार आपल्याला नवा नाही. न्यायशास्त्रात गौतमाने वादात हार ठरवणारी जी स्थाने सांगितली, त्यांत पुनरुक्त हे एक आहे. पण त्याच ठिकाणी तो अपवादही सांगतो : हेतूने केलेला पुनरुच्चार, ज्याला अनुवाद म्हणतात, तो दोष नव्हे. पुढे 11 व्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त वाक्याचे दोष मोजले. कारणावाचून तेच पद पुन्हा येणे याला त्याने 'कथितपद' असे नाव दिले. म्हणजे आपली लाल पेन्सिल तशी बरीच जुनी आहे!

परंतु मम्मट तेथे थांबत नाही. तो उगवत्या आणि मावळत्या सूर्याचे उदाहरण घेतो. सूर्य उगवताना तांबडा आणि मावळतानाही तांबडा, असे सांगायचे असेल, तर दोन्हीकडे रंगाचा शब्द एकच हवा. दुसऱ्या ठिकाणी निराळा शब्द घातला, तर अर्थ तोच असूनही वाचणाऱ्याला रंग बदलल्यासारखा वाटतो आणि समजुतीला खीळ बसते. केवढी मार्मिक गोष्ट आहे ही! शब्द बदलला की वाचणारा वस्तूही बदलली असे धरून चालतो. वर काका आणि वडिलांचे बंधू यांचा जो घोटाळा झाला, तो हाच.

आता मराठीकडे वळू. मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणजे म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', 13 व्या शतकातले. त्यात 'स्वामी म्हणाले' अशा अर्थाचे शब्द पुन्हापुन्हा येतात. पण ते खटकत नाहीत, कारण ही ऐकलेली आणि आठवून सांगितलेली वाणी आहे. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. म्हणून कीर्तनकार पालुपद धरतो, म्हणूनच रेडिओवर बोलणाराही नाव पुन्हा घेतो.

अजाणता होणारी पुनरुक्ती खऱ्या अर्थाने जाचली ती पोथ्यांच्या नकला करताना. जुन्या पोथीत शब्दाशब्दांत अंतर नसे. नक्कल करणारा क्षणभर मान वर करी आणि लिहिलेला शब्दच पुन्हा लिहून जाई. उलटही होई. एकच शब्द जवळजवळ दोनदा असला, की नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारी आणि मधला मजकूर गळून जाई. 'जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नये,' अशा अर्थाचे वचन लेखक पोथीच्या शेवटी घालीत, ते उगीच नव्हे. 1290 साली सांगितलेली ज्ञानेश्वरी नकलांमधून बिघडत गेली, तेव्हा 1584 साली एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली. लेखनातली नजरचूक ही किती गंभीर बाब मानली जाई, ते यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आणि शाळा आल्या. 1831 साली मोल्सवर्थचा कोश निघाला, 1836 साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण छापले गेले आणि 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. मराठी निबंध इंग्रजी निबंधाच्या शेजारी बसून वाढला. 1874 साली 'निबंधमाला' सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर मेकॉलेच्या शैलीचे चाहते होते. आणि मौज अशी, की तो मेकॉले सर्वनामाने घोटाळा होईल तेथे नाम पुन्हा लिहायला कधी कचरत नसे!

खुद्द इंग्रजांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. एच. डब्ल्यू. फाउलर नावाचे गृहस्थ सतरा वर्षे शाळेत शिकवीत होते. 1906 साली त्यांनी भावाच्या मदतीने आणि 1926 साली आपल्या प्रसिद्ध भाषाकोशात लेखकांना बजावले, की पुनरुक्तीच्या भीतीने शब्द बदलत राहणे हा पुनरुक्तीहून मोठा दोष आहे. नऊशे वर्षांपूर्वी मम्मटाने सूर्याच्या रंगावरून सांगितले, तेच हे.

आता शिक्षकांसाठी खास एक गोष्ट. मराठी मुलगा इंग्रजीत 'हॉट हॉट टी' लिहितो, 'स्लोली स्लोली' लिहितो. ही बेपर्वाई नव्हे. तो मनात 'गरम गरम चहा' आणि 'हळू हळू' म्हणत असतो. आपल्या भाषेत शब्द दोनदा उच्चारणे हा व्याकरणाचाच भाग आहे. पाणिनीने त्यासाठी सूत्रे रचली आणि मराठी व्याकरणात अशा शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणतात. 'घरोघर', 'लाललाल', 'जाता जाता' यांतला एक शब्द काढला तर अर्थच जाईल. म्हणून अशा मुलाला नुसते वर्तुळ देऊ नका. 'मराठीत हे बरोबर आहे, इंग्रजीत तोच भाव निराळ्या रीतीने सांगतात,' एवढे सांगा. नाहीतर आपली घरची बोलीच चुकीची आहे, असे त्याच्या मनात बसते. आजचा संगणक लागोपाठ आलेला शब्द दिसला की खाली रेघ ओढतो. पण इंग्रजीतले 'हॅड हॅड' पुष्कळदा अगदी बरोबर असते. यंत्राला पुनरुक्ती दिसते, हेतू दिसत नाही. तो पाहणे शिक्षकाचे काम.

शेतकरी बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे. खरेदीखतात 'सदर मिळकत' हे शब्द पानोपानी येतात, ते लिहिणाऱ्याला दुसरे सुचत नाही म्हणून नव्हे. एका ठिकाणी 'मिळकत', दुसरीकडे 'शेत', तिसरीकडे 'जमीन' असे लिहिले, तर उद्या विचारणारा विचारील : विहीर यात आली की नाही? बांधावरचे आंबे कोणाचे? कागदाची शोभा वाढवायला गेलो आणि कोर्टाची पायरी चढलो, असे व्हायचे. अर्जात, खतात, पावतीत ज्या वस्तूला जे नाव दिले, तेच शेवटपर्यंत ठेवावे.

मग करावे काय? लिहून झाले की एकदा मोठ्याने वाचावे. तोच शब्द कानाला टोचला, तर आधी विचारावे : हा मी जाणून आणला की नकळत आला? जाणून आणला असेल तर खुशाल राहू द्यावा. नकळत आला असेल, तर तो गाळून चालते का पाहावे. मग सर्वनाम घालून पाहावे, मग दोन वाक्ये जोडून पाहावीत. प्रतिशब्द शोधायचा तो सर्वांत शेवटी, आणि तोही वस्तू बदलल्याचा भास होत नसेल तरच. एवढे केले, की लाल पेन्सिलीला काम थोडे राहील, आणि जे राहील ते उपयोगाचे असेल.